साथीच्या काळातला प्रवास: भीती कुणाची, भोग कुणाला



एसटीत कुणी दोनदा खोकलं की सगळ्या माना तिकडे वळतात. पदर नाकाला लागतो, कुणी खिडकी सरकवते, कुणी उठून मागच्या सीटवर जाते. करोनाच्या दिवसांत आपण सगळ्यांनीच हे अनुभवलं. आज आपण या नजरेच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. आपल्या मुलखात पहिली आगगाडी १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावली. त्यानंतर आलेल्या तीन साथी घेऊ: १८९६ चा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा आणि २०२० चा करोना. प्रवासात लोक कशाला भ्यायले, ज्याला भ्यायले तिथूनच रोग आला का, आणि त्या भीतीचा भार कुणी उचलला, हे बघू.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे गोदीजवळची, धान्याच्या वखारींची दाट वस्ती. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी मुंबई सोडली. कुणी गाडीने, कुणी बोटीने, कुणी पायी आपापल्या गावाकडे निघालं. निघणाऱ्यांच्या लेखी धोका मुंबईत होता आणि गाडी ही सुटकेची वाट होती. ज्या गावांना ते जाणार होते, त्यांच्या लेखी धोका त्याच गाडीत बसून येत होता.

सरकारलाही तसंच वाटत होतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कायदा अगदी छोटा, पण त्यात रेल्वेने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिला होता. गाड्या थांबवून प्रवाशांना फलाटावर रांगेत उभं करू लागले. ताप आहे का ते पाहायचे आणि गाठ आहे का ते चाचपायचे. आता प्लेगची गाठ कुठे येते? मानेला, काखेत, जांघेत. चारचौघांसमोर, परक्या पुरुषाच्या हातून अशी तपासणी म्हणजे बाईमाणसासाठी काय असेल, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यावर मोठा गहजब झाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली. मग बायांना तपासायला बाई डॉक्टर आणि नर्स नेमण्याची व्यवस्था होऊ लागली. म्हणजे ही गोष्ट करता येण्यासारखी होती. पण ती आधी सुचली नाही, बोंब झाल्यावर सुचली.

संशय आला की माणसाला छावणीत नेत. सोबतचे लोक, सामान, लेकरं यांची ताटातूट होई. म्हणून लोकांना रोगाइतकीच, कधी त्याहून जास्त, तपासणीची धास्ती बसली. याचा परिणाम उलटा झाला. आजार सांगितला तर नेतात, हे कळल्यावर लोक आजार लपवू लागले आणि तपासणी चुकवू लागले. पुण्यात घराघरांच्या झडत्यांनी लोक इतके संतापले की २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग दवाखान्यात मुलीबाळींचे काय हाल होतात, याबद्दल वर्तमानपत्राला पत्र लिहून जाब विचारला. जरब बसवून साथ आटोक्यात येत नाही, हे सरकारलाही हळूहळू उमगलं आणि पुढे सक्ती सैल झाली.

याच दिवसांतली दुसरी एक वाटचाल आपण विसरता कामा नये. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत एका मुलाला प्लेग झाल्याचं सावित्रीबाई फुल्यांना कळलं. त्यांनी त्या पोराला पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच सावित्रीबाईंना प्लेगने गाठलं आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला कुणी हात लावायला तयार नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. धोका त्यांना कळत नव्हता असं नाही. रोग्याला हलवायला दुसरं कुणी नाही, हेही त्यांना कळत होतं.

आता रोग नेमका कसा पसरत होता ते पाहा. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवलं की प्लेग उंदराच्या पिसवांमधून माणसाला होतो. बरीच वर्षं कुणी ते मानलं नाही. पुढे प्लेग संशोधन आयोगाने परळच्या प्रयोगशाळेत प्रयोग केले, तेव्हा खात्री पटली. म्हणजे फलाटावर बायांच्या काखा चाचपल्या जात होत्या, आणि त्याच वेळी धान्याच्या पोत्यांतून, बोचक्यांतून उंदीर आणि पिसवा बिनतिकीट पुढच्या गावी चालल्या होत्या. पोत्याला कुणी रांगेत उभं करत नव्हतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत प्लेगने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली.

दुसरी साथ १९१८ ची. तिची तऱ्हाच निराळी. महायुद्ध चालू होतं. १० जून १९१८ रोजी मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने दवाखान्यात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर कामाला होता. काही दिवसांत गोदी, गिरण्या, कारखाने, कचेऱ्या सगळीकडे ताप पसरला. सुरुवातीला लोकांना तो नेहमीचा ताप वाटला. चार दिवस अंग दुखतं आणि उतरतो, एवढंच. त्यामुळे प्रवासाचं भय असं कुणाला फारसं वाटलं नाही. गाड्या चालू राहिल्या. लढाईचा माल जात होता, शिपाई जात-येत होते. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, त्यामुळे पोटासाठी हिंडणारी माणसं होतीच.

त्या काळचा तिसऱ्या वर्गाचा डबा कसा असे? १९१७ च्या सप्टेंबरात गांधीजींनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने केलेल्या प्रवासावर लिहिलं आहे. कोंबलेली माणसं, घाण, तुंबलेले संडास. असे डबे असतील तर देशात प्लेग ठाण मांडून बसला यात नवल काय, असा त्यांचा सूर होता. वर्षभराने याच डब्यांतून इन्फ्लुएन्झा गावोगाव गेला. रोग पसरवण्यात रेल्वेचा हात मोठा होता, हे सरकारी अहवालातही नंतर नमूद झालं. सप्टेंबरमध्ये ताप फिरून आला तो जीवघेणा होऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरातल्या बळींचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आणि त्याहीपुढे जातात.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. त्या साथीत आपल्याकडे पुरुषांपेक्षा बाया जास्त दगावल्या. आजाऱ्याच्या उशाशी त्याच बसल्या आणि पोटात अन्न त्यांच्याच सगळ्यात कमी. प्रवास करून ताप घरी आणणारा एक, आणि तो अंगावर घेणारी दुसरी.

पाहा हं, प्लेगच्या वेळी प्रवाशाच्या अंगाला हात घातला गेला, आणि रोगाची मुख्य वाट तिथे नव्हतीच. इन्फ्लुएन्झा खरोखरच डब्यातल्या श्वासातून जात होता, तेव्हा मात्र डब्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

तिसरी साथ तुमच्या आमच्या आठवणीतली. मार्च २०२० मध्ये राज्याने तोच १८९७ चा कायदा लागू केला. मुंबईची लोकल, रोज पंच्याहत्तर-ऐंशी लाख लोकांना वाहणारी, थांबली. एसटी थांबली. मग ज्यांचं हातावर पोट, ते चालत निघाले. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून निघालेले १६ मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. गाड्या बंद आहेत, या भरवशावर ते तिथे टेकले होते. मैत्रिणींनो, प्रवास बंद केला म्हणजे धोका संपला असं होत नाही. ज्याला जावंच लागतं, त्याच्या वाट्याला दुसरा धोका येतो.

मे महिन्यात एसटी जिल्ह्याच्या आतल्या आत सुरू झाली, निम्म्या सीटवर, म्हणजे एका गाडीत २२ माणसं. लोकल जूनमध्ये फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी उघडली. मग २१ ऑक्टोबरपासून सगळ्या महिलांना मुभा मिळाली: सकाळी ११ ते दुपारी ३, आणि संध्याकाळी ७ नंतर. चांगली गोष्ट. पण सकाळी आठला धुण्याभांड्याला पोचायचं असेल, तिने काय करायचं? गर्दी टाळायची म्हणून वेळ ठरली, आणि ती ठरवताना जिची गरज सगळ्यात मोठी तिचं घड्याळ कुणी पाहिलं नाही. पुढे १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलची दारं उघडली.

त्या काळात आपण सीट पुसत होतो, नोटांना सॅनिटायझर लावत होतो, पिशव्या उन्हात ठेवत होतो. हात धुण्याने नुकसान काहीच नाही, धुवावेतच. पण रोग मुख्यतः हवेतून जातो, बंद जागेत जास्त जातो, हे जसजसं कळत गेलं तसा सल्ला बदलला. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानेही हवा खेळती ठेवा, असं आवर्जून सांगितलं. तरी पावसाची झड आत येते म्हणून, थंडी वाजते म्हणून एसटीच्या काचा बंदच. मास्क हनुवटीवर आणि भीती मात्र शेजारणीच्या पिशवीची.

गावांनी काय केलं? वेशीवर काटेरी झुडपं आणि ओंडके टाकले. मुंबई-पुण्याहून आलेल्यांना शाळेत चौदा दिवस ठेवलं. वेगळं राहण्यात शहाणपण होतं. पण त्याच्याबरोबर जे बोललं गेलं, ते रोगापेक्षा जास्त दिवस टिकलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या मनीऑर्डरींवर घरं चालली, ते एका आठवड्यात ‘मुंबईवाले’ झाले. बोलणी बसतील म्हणून काहींनी ताप आल्याचं सांगितलंच नाही. १८९७ च्या फलाटावरही लोक याच कारणाने गप्प बसले होते.

तर या सव्वाशे वर्षांतून आम्ही बचत गटांच्या कामासाठी काय उचललं, ते सांगतो.

पहिलं: गर्दीत आजारी असताना बसलेली बाई बहुतेक वेळा निष्काळजी नसते. तिला रजा नसते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी जाते, दोन दिवस झाले तर काम जातं. म्हणून आमच्या काही गटांत आम्ही हा विषय बैठकीत घेतला आणि अंतर्गत कर्जात ‘आजाराचा खाडा’ ही सोय ठेवली: ताप असेल तर दोन-तीन दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम बिनव्याजी, त्याच दिवशी, फार चौकशी न करता. रक्कम छोटी आहे. पण ताप अंगावर काढून वडापमध्ये दहाजणींना चिकटून बसण्यापेक्षा ती घरी राहू शकते. रोग थांबवायचा तर तो गाडीत चढण्याआधीच थांबवलेला बरा.

दुसरं: खिडकी उघडा. वडापवाल्या दादांना सांगा, काच खाली घ्या. चार बाया एका सुरात बोलल्या की काच खाली येते. साथ असो नसो, खोकला असेल तर मास्क लावा, आणि लावणारीकडे टवकारून बघू नका. ती तुमचीच काळजी घेते आहे.

तिसरं: पुन्हा कधी तपासणीची वेळ आली, तर ग्रामसभेत पहिल्या दिवशीच मागणी करा, की बायांची तपासणी बाईनेच, आडोशाला, आणि सोबत घरचं माणूस. सव्वाशे वर्षांपूर्वी हे बोंब झाल्यावर मिळालं. आपण आधी मागू.

चौथं: बाहेरून आलेल्याला वेगळं ठेवायचं असेल तर ताट, पाणी, अंथरूण आणि दिवसातून दोनदा दारावरून विचारपूस, एवढं गावाने द्यायलाच हवं. नीट वागवलं की माणूस खरं सांगतो. आणि खरं सांगितलं तरच साथ कळते.

साथ परत कधी येईल ते कुणाच्या हातात नाही. येईल तेव्हा गाडीत आपणच असू, कधी खोकणारी म्हणून, कधी शेजारी बसलेली म्हणून. दोन्ही जागांवरून विचार करून ठेवू. तुमच्या गटात यावर बोलणं झालं, काही वेगळं ठरलं, तर केंद्रावर येऊन जरूर सांगा, पुढच्या भागात ते सगळ्यांना ऐकवू.