जुळणी की खरेदी? : 'परम' महासंगणक आणि 'जिस्ट' कार्ड यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

संगणक सुटे भाग आणून जुळवून घ्यावा, की तयार यंत्र विकत घेऊन त्यातच गरजेप्रमाणे भर घालीत जावी, हा प्रश्न सामान्यतः ग्राहकाच्या सोयीचा व खिशाचा मानला जातो. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेसाठी दरपत्रके मागविताना तो उपस्थित होतो आणि लॅपटॉपच्या बाबतीत त्याला अधिकच धार येते. परंतु भारतात हा प्रश्न व्यक्तीच्या आधी राष्ट्राला पडला होता, आणि त्याची दोन भिन्न उत्तरे पुण्याच्या एकाच संस्थेने एकाच काळात दिली. प्रगत संगणन विकास केंद्राचा, म्हणजे 'सी-डॅक'चा, 'परम' महासंगणक हे पहिले उत्तर. त्याच संस्थेचे 'जिस्ट' कार्ड हे दुसरे. पहिल्याचे नाव शालेय पाठ्यपुस्तकापासून स्पर्धा परीक्षेपर्यंत सर्वत्र आढळते. दुसऱ्याचे नाव आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सहसा ठाऊक नसते. प्रस्तुत निबंधात या दोहोंचा एकत्रित विचार केला आहे.

सी-डॅकचे संस्थापक संचालक डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे. त्यांचे अभियांत्रिकीचे पदवीशिक्षण नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, १९६५ साली पूर्ण झाले. त्यामुळे वैदर्भीय वाचकास या इतिहासाविषयी आपलेपणा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र गौरवलेखन व इतिहासलेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि 'परम'विषयी आजवर जे लिहिले गेले त्यात पहिल्याचाच भरणा अधिक आहे.

पूर्वपीठिका :

जुळणी आणि खरेदी यांतील द्वंद्व 'परम'पेक्षा जुने आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ च्या सुमारास 'एचईसी-२एम' हा ब्रिटिश बनावटीचा तयार संगणक आणला. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांचा एक गट स्वतःच संगणक बांधीत होता. त्यांचे प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये सुरू झाले. पूर्ण यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत त्याचे 'टिफरॅक' असे नामकरण झाले. सुमारे २,७०० निर्वात नलिकांचे हे यंत्र तयार होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरकडे वळले होते. १९६४ मध्ये याच संस्थेत अमेरिकन 'सीडीसी-३६००' हा तयार संगणक आला आणि टिफरॅकचे दिवस भरले. यंत्र कालबाह्य ठरले, परंतु ते बांधताना घडलेली माणसे पुढे देशाच्या संगणकविषयक कार्यात दीर्घकाळ उपयोगी पडली. जुळणीचा हिशेब मांडताना खर्चाच्या रकान्यात यंत्र येते, परंतु जमेच्या रकान्यात माणसे मांडण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

पुढे १९७८ मध्ये आयबीएम कंपनी भारतातून बाहेर पडली. तिच्या यंत्रांच्या देखभालीचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आले.

'परम' : जुळणीचा मार्ग

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. हवामान अंदाजासाठी अमेरिकेने 'क्रे एक्स-एमपी/१४' देण्याचे मान्य केले, तेही त्याचा उपयोग केवळ त्याच कामासाठी होईल या अटीवर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी अपेक्षित असलेले अधिक शक्तिशाली यंत्र मात्र मिळाले नाही. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि तीन वर्षांत महासंगणक बांधण्याचे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवण्यात आले. १९९० मध्ये झुरिच येथील प्रदर्शनात त्याचे प्राथमिक रूप मांडले गेले व १९९१ मध्ये 'परम ८०००' सिद्ध झाला.

या यशाचे मर्म तांत्रिक निवडीत आहे. क्रे यंत्राचे बळ एकाच अत्यंत वेगवान व विशेष घडविलेल्या प्रक्रियकात होते. तसा प्रक्रियक घडविण्याची साधने भारतात नव्हती. सी-डॅकने बाजारात कोणालाही मिळू शकणारे अनेक सामान्य प्रक्रियक एकमेकांस जोडून काम वाटून देण्याचा, म्हणजे समांतर संगणनाचा, मार्ग पत्करला. त्यासाठी ब्रिस्टलच्या 'इन्मॉस' कंपनीचा ट्रान्सप्युटर निवडण्यात आला. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत, त्यामुळे त्यांचे जाळे विणणे सोपे जाई. अशा २५६ प्रक्रियकांच्या जाळ्याचा सैद्धांतिक कमाल वेग सुमारे १ गिगाफ्लॉप होता. प्रत्यक्ष कामात मिळणारा वेग त्याहून बराच कमी असे, ही गोष्ट गौरवलेखांत सहसा नमूद होत नाही. काम इतक्या प्रक्रियकांत वाटून देणे हेच मुळात कठीण होते. त्यासाठी लागणारी 'परास' ही आज्ञावली-प्रणाली सी-डॅकने स्वतः विकसित केली, आणि या प्रकल्पातील खऱ्या अर्थाने स्वदेशी असा मोठा भाग तोच म्हणावा लागेल.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. मुख्य घटक परदेशी असताना 'परम'ला स्वदेशी म्हणावे काय? दुकानातून सुटे भाग आणून संगणक जुळविणाऱ्यास जो आक्षेप घेतला जातो तोच हा आहे. त्याचे उत्तर पुढील घटनांत शोधावे लागते. ट्रान्सप्युटरची पुढील पिढी, टी-९०००, सतत लांबत गेली आणि अखेरीस तो मार्गच खुंटला. तयार यंत्रावर विसंबणारी संस्था अशा वेळी अडकून पडली असती. सी-डॅकने मात्र १९९२ मध्ये 'परम ८६००' मध्ये इंटेलचे आय-८६० प्रक्रियक जोडले व ट्रान्सप्युटरकडे प्रामुख्याने निरोप्याचे काम ठेवले. नंतर 'परम ९०००' मध्ये सन कंपनीच्या स्पार्क कुळातील प्रक्रियक आले आणि १९९८ च्या 'परम १००००' चा कमाल वेग १०० गिगाफ्लॉपवर गेला. भाग बदलले तरी रचना ज्याची त्यालाच कळत होती. स्वावलंबन हा शब्द वापरायचाच असेल, तर तो एवढ्या मर्यादित परंतु ठोस अर्थाने वापरता येतो. पुढील काळात 'परम पद्म'सारखी यंत्रे आयबीएमच्या तयार सर्व्हरवर उभी राहिली, म्हणजे गाडी काही प्रमाणात खरेदीकडे वळली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यासह तीन ठिकाणी कार्यान्वित झालेल्या 'परम रुद्र' यंत्रांसाठी सी-डॅकने सर्व्हरची रचना पुन्हा स्वतः केली.

'जिस्ट' : तयार यंत्राची सुधारणा

दुसऱ्या उत्तराचा उगम कानपूरच्या आयआयटीत आहे. तेथे १९८० च्या दशकाच्या आरंभी देवनागरी संगणकावर काम सुरू झाले. त्यातील प्रमुख संशोधक मोहन तांबे १९८८ च्या सुमारास सी-डॅकमध्ये आले आणि जिस्ट तंत्रज्ञान पुण्यात रुजले. प्रश्न असा होता की, कार्यालयांतून येऊ लागलेले तयार पीसी फक्त इंग्रजी जाणत होते. मराठीसाठी वेगळा संगणक घडवावा, तर त्यावर चालणारी सारी आज्ञावलीही नव्याने लिहावी लागणार. जिस्ट गटाने यंत्राला हात न लावता त्याच्या रिकाम्या खाचेत बसणारे एक कार्ड तयार केले.

त्याची युक्ती मनोज्ञ होती. 'डीबेस' किंवा 'वर्डस्टार'सारख्या आज्ञावलीस आपण परक्या लिपीशी व्यवहार करीत आहोत याची जाणीवही नसे. ती केवळ आठ बिटांचे संकेतांक साठवी. त्या संकेतांकांतील वरच्या १२८ जागांवर भारतीय वर्ण बसविलेले होते आणि जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार यांची जुळणी करून ती पडद्यावर रेखाटण्याचे काम कार्ड करी. सर्व ब्राह्मीजन्य लिप्यांना समान संकेतांक दिल्यामुळे एका लिपीतील मजकूर दुसरीत पाहता येई. हीच संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' या नावाने प्रमाणित केली. डावीकडे स्वर व उजवीकडे व्यंजने अशी मांडणी असलेला 'इन्स्क्रिप्ट' कळफलक तिचाच सोबती होय.

विंडोज आल्यावर कार्डाची गरज संपली. त्यानंतरचा काळ मराठी लेखकांच्या व प्राध्यापकांच्या चांगलाच स्मरणात आहे. प्रत्येक फॉन्टचे संकेतांक वेगळे, त्यामुळे एका यंत्रावर टंकलिखित केलेला शोधनिबंध दुसऱ्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडे. स्वतः सी-डॅकचे फॉन्टही याला अपवाद नव्हते, हे विशेष. सुधारणेचा मार्ग प्रमाणाशिवाय चालला की काय होते, याचे हे उदाहरण आहे. ही अव्यवस्था युनिकोडने निस्तरली. परंतु युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' मसुद्यावरूनच घेतलेली आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद लक्षात घ्यावा. दुसऱ्या शब्दातील र-कार 'ऱ' या वेगळ्या वर्णाच्या आधारे लिहिण्याचा नियम युनिकोडने 'इस्की'ला अनुसरूनच स्वीकारला. म्हणजे कार्ड नष्ट झाले, पण त्यामागील वर्णविचार परदेशी बनावटीच्या प्रत्येक तयार यंत्रात शिरला. प्रभावाच्या व्याप्तीने पाहता जिस्टचे पारडे 'परम'हून जड भरते, असे म्हणण्यास निश्चित आधार आहे.

लॅपटॉप : खाच नसलेले यंत्र

जिस्ट कार्ड शक्य झाले ते आयबीएम पीसीची रचना खुली असल्यामुळे. १९८१ च्या त्या यंत्राने बाहेरच्या माणसासाठी खाचा मोकळ्या ठेवल्या होत्या. मेजावरच्या संगणकांत १९९५ पासून 'एटीएक्स' हे मापांचे प्रमाण रूढ झाले आणि कोणाचाही मदरबोर्ड कोणाच्याही पेटीत बसू लागला. लॅपटॉपसाठी असे सर्वमान्य प्रमाण आजतागायत निर्माण झालेले नाही. प्रत्येक कंपनीची पेटी, बोर्ड व बॅटरी यांची मापे निराळी असतात. त्यामुळे 'हवा तसा जुळविलेला लॅपटॉप' याचा व्यवहारातील अर्थ बहुधा नोंदणीच्या वेळी पर्याय निवडणे एवढाच असतो. सुधारणेचा वाव स्मृती व साठवण यांपुरता होता, आणि अनेक पातळ यंत्रांत स्मृतीही बोर्डावर झाळून येऊ लागल्याने तोही आक्रसला आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र शासनाने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याचे बंधन जाहीर केले. त्याची अंमलबजावणी लगेच पुढे ढकलण्यात आली व त्याऐवजी आयात-व्यवस्थापनाची प्रणाली आली. त्या वेळची चर्चा यंत्रे देशात जुळविली जावीत या मुद्द्याभोवती फिरत राहिली. जुळविलेल्या यंत्राची पेटी उघडून त्यात भर घालण्याची मुभा धारकास असावी की नाही, हा प्रश्न तिच्यात जवळजवळ आलाच नाही.