शिंगरू, खोंड आणि ड्राफ्ट: पारख कुणाची, जोखीम कुणाची?

आजचा भाग पारखीच्या इतिहासावर आहे. जो अजून काही करून दाखवू शकलेला नाही, त्याच्यावर पैसे लावायचे कसे? सुरुवात अमेरिकेतून करू, पण लगेच घोडनदीच्या काठावर यायचंय, म्हणजे आपल्या शिरूरला.

फँटसी बेसबॉल हा खेळ तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये मित्रांना घेऊन त्याचं आजचं रूप सुरू केलं. खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे, कागदावर संघ करायचा आणि मैदानावर त्या खेळाडूंनी जे केलं त्याचे गुण आपल्या खात्यात मांडायचे. यातला सगळ्यात अवघड भाग नावाजलेल्या खेळाडूंचा नसतो, त्यांचे आकडे सगळ्यांसमोर असतात. अवघड असतो तो अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, जो अजून मोठ्या मैदानात उतरलेलाच नाही. त्याला तिकडे 'प्रॉस्पेक्ट' म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्द शोधायची गरज नाही. घोड्यात शिंगरू, बैलात खोंड.

आता भूगोल बघा. शिरूर तालुक्याच्या एका अंगाला घोड नदी, एका अंगाला भीमा. भीमेपलीकडे दौंड. ब्रिटिशकाळात या दौंड-बारामती पट्ट्यात भीमथडी नावाचा तालुका होता, आणि याच थडीवरचे घोडे 'भीमथडी' म्हणून ओळखले जात. अंगानं लहान, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर लांब पल्ला मारणारे. मराठ्यांच्या फौजा ज्या वेगासाठी गाजल्या, त्यात या जनावरांचा वाटा मोठा. शिरूर तालुक्यात आजही आलेगाव पागा नावाचं गाव आहे. पागा म्हणजे घोडदळाचं ठाणं. गावाच्या नावातच इतिहास शिल्लक राहतो, तो असा.

शिंगराची पारख कशी व्हायची? पहिली गोष्ट खुणांची. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असला की तो पंचकल्याणी, शुभ. गळ्याशी विशिष्ट जागी भोवरा असला तर देवमण, तोही शुभ. काही भोवरे असे, की कितीही देखणं जनावर असलं तरी गिऱ्हाईक पाठ फिरवायचं. आज आपण याला अंधश्रद्धा म्हणू, आणि ती होतीच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या वयात शिंगराने काहीच करून दाखवलेलं नाही, त्या वयात विकणारा आणि घेणारा यांना बोलायला काहीतरी सामाईक भाषा लागते. खुणांनी ती पुरवली. शिंगरू पळेल की नाही, हे भोवरा सांगत नव्हता. त्याची किंमत काय ठरेल, एवढं मात्र नक्की सांगत होता.

दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त महत्त्वाची. चुकलं तर भरायचं कुणी?

शिवकाळापासून घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा. शिलेदाराला नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम मिळे, पण जनावर त्याचं. बारगिराचा घोडा पडला तर सरकारचा घोडा पडला. शिलेदाराचा पडला तर त्याची चाकरीच धोक्यात आली. म्हणून शिलेदार लढाईत घोडा जपतो, ही तक्रार त्या काळावर लिहिणाऱ्यांनी वारंवार केली आहे. मला ती तक्रार थोडी अन्यायाची वाटते. ज्याच्याकडे एकच घोडा आहे, तो जपणारच की!

पुढे १८१७ साल येतं. जूनमधल्या पुणे करारानंतर पेशव्यांच्या खर्चाने इंग्रजांनी एक घोडदळ उभं केलं. तीच पुढची पूना हॉर्स. त्याचं ठाणं शिरूर. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कोरेगावकडे निघालेली तुकडी शिरूरहूनच निघाली, आणि तिच्यासोबत या घोडदळाचे स्वार होते.

इंग्रजांनी आपल्या हिंदी घोडदळात शिलेदारी पद्धत मोडली नाही, उलट 'सिलदार' पद्धत म्हणून ती चालू ठेवली. स्वार भरती होताना घोड्यासाठी रक्कम भरायचा. पण त्यात एक भर पडली, ती म्हणजे चंदा. दरमहा प्रत्येकाच्या पगारातून थोडे पैसे कापून एक निधी जमवायचा आणि कुणाचा घोडा मेला तर त्यातून नवा घ्यायला मदत करायची. म्हणजे घोड्याची निवड चुकली किंवा नशीब फिरलं, तरी एकटा माणूस बुडू नये. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या संख्येने पडले की ही सगळी व्यवस्था कोलमडली आणि युद्धानंतर ती बंद झाली. पण कल्पना ध्यानात ठेवा: पारख एकट्याची, तोटा सगळ्यांचा मिळून.

आता घोड्यावरून बैलावर येऊ. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतीचा पट्टा. साताऱ्या-सांगलीकडे गाड्या एकमेकींशी पळतात. आपल्याकडे घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो, चार बैल, पुढे घोडी, आणि खरी लढत घड्याळाशी. दहा-बारा सेकंदांचा खेळ. सेकंदाच्या छोट्या भागावर नंबर ठरतो.

म्हणजे आपल्याकडे बेसबॉलसारखे आकडे आहेत, बरोबर? थांबा. घड्याळ वेळ देतं ती चार बैलांची मिळून. त्यात एका बैलाचा वाटा किती, हे घड्याळ सांगत नाही. चांगल्या जोडीत साधा बैलही पळालेला दिसतो, आणि वाईट जोडीत चांगला बैल झाकला जातो. बेसबॉलवाल्यांचं भांडणही हेच. फलंदाजाच्या नावावर लागलेल्या धावा त्याच्या कर्तबगारीच्या किती, आणि आधीच्या गड्यांनी बेस गाठून ठेवल्यामुळे किती?

आणि खोंड घ्यायच्या वेळी तर तेही घड्याळ हाताशी नसतं. खिलार जातीचा आदत खोंड, म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत असा. त्यापुढे दुसा, चौसा, सहादाती, मग जुळलेला. दातांवर वय कळतं, पण वेग कळत नाही. मग माणसं काय बघतात? पाय सरळ आहेत का, खूर घट्ट आहेत का, कातडी पातळ आहे का, छाती भरलेली आहे का, नजर चपळ आहे का. आणि विचारतात, कुणाचा आहे? आई-बाप कोण? जुन्या बाजारात तर भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, बाजूच्यालाही कळू नये म्हणून. अमेरिकेतला ड्राफ्ट सगळ्यांसमोर होतो, आपला रुमालाखाली व्हायचा. अंदाज मात्र दोन्हीकडे अंदाजच.

यात मध्येच कायदा आला. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलाला खेळ-प्रदर्शनासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या शर्यती दोन्हींवर बंदी कायम केली. बैल हा शरीराने घोड्यासारखा पळायला घडलेला प्राणी नाही आणि त्याला होणाऱ्या यातना टाळायलाच हव्यात, ही त्यामागची भूमिका. ती बाजूला टाकण्यासारखी नाही. मारहाणीचे प्रकार घडत होते. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

आता पारखीच्या बाजूने हिशेब करा. मे २०१४ मध्ये दोन वर्षांचा असलेला खोंड डिसेंबर २०२१ मध्ये साडेनऊ वर्षांचा झाला. त्याच्या पळण्याची उमेद निघून गेली. कायदा पाळणाऱ्याच्या गोठ्यातला तो खोंड चांगला होता की वाईट, हे कुणालाच कधी कळणार नाही. पारख बरोबर ठरली असती तरी तिचा पुरावा नाही, आणि चारा-पेंडीचा खर्च मात्र खरा.

इथे बेसबॉलकडे एकदा परत जाऊ. तिथला ड्राफ्ट १९६५ मध्ये सुरू झाला. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने सगळ्यात आधी स्टीव्ह चिलकॉट या पोराला निवडलं. तो मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. दुसऱ्या क्रमांकावर गेला रेजी जॅक्सन, ज्याने पुढे ५६३ होमरन मारले. आणि १९८८ मध्ये माइक पियाझा ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर निवडला गेला आणि शेवटी हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. एवढे जाणकार चुकतात, मग क्लब बुडत का नाहीत? कारण ते एकावर थांबत नाहीत. २०१९ पर्यंत ड्राफ्टच्या ४० फेऱ्या होत, २०२१ पासून २० आहेत. म्हणजे एकेक क्लब वीस-वीस पोरं उचलतो. त्यातला एक-दोघं लागले तरी बाकीच्यांचा खर्च निघतो. फँटसी खेळणाऱ्याचं तर याहून सोपं. त्याचा प्रॉस्पेक्ट फसला तर मित्रांची चेष्टा सोसायची, बास.

मोठ्या गाडामालकाचंही तसंच. त्याच्या दावणीला आठ-दहा जनावरं असतात. एक फसलं तर दुसरं आहे. पण ज्या शेतकऱ्याने कर्ज काढून एकच खोंड घेतला, त्याची नजर मोठ्या मालकाइतकीच तयार असली तरी त्याचा खेळ वेगळा आहे. तो शिलेदार आहे, आणि त्याच्यामागे चंदा नाही.

म्हणून मला वाटतं, पारखीबद्दल बोलताना आपण चुकीच्या माणसाचं कौतुक करतो. अमक्याची नजर काय, त्याने खोंड लहानपणीच ओळखला, असं आपण म्हणतो. त्याने आणखी किती खोंड घेतले होते आणि ते कुठे गेले, हे कुणी विचारत नाही. कोवळ्या जनावराचा भाव ठरतो तो त्याच्या पायांवर कमी, आणि घेणारा किती वर्षं वाट बघू शकतो यावर जास्त. शिरूरच्या छावणीतल्या स्वारांना हे दीडेकशे वर्षांपूर्वी कळलं होतं, म्हणून ते दरमहा पैसे बाजूला काढत होते. आज चार-पाच जणांनी मिळून खोंड घेतला, खर्च वाटून घेतला, तर ती काही नवी युक्ती नाही. ती याच मातीतली जुनी शहाणपणाची गोष्ट आहे.

तुमच्या गावात खोंड भागीत घेण्याची पद्धत असेल, तर वाटण्या कशा होतात ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.