बासेल मिशनची कौले आणि शिष्यत्वाची किंमत

हुबळीशी आपले गोमंतकीयांचे नाते जुने आहे. लग्नाचा कपडालत्ता घ्यायचा म्हटले की अनेकांना कोप्पीकर रोड आणि आसपासची बाजारपेठ आठवते. मात्र याच शहरात १८३९ साली बासेल मिशनचे ठाणे सुरू झाले, हे खरेदीच्या गडबडीत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्वित्झर्लंडमधील बासेल येथे १८१५ मध्ये स्थापन झालेली ही प्रॉटेस्टंट संस्था. तिचे पहिले मिशनरी १८३४ मध्ये मंगळूरला आले आणि १८३७ मध्ये धारवाडला पोचले. धारवाड-हुबळीच्या या मुलखाला इंग्रज ‘दक्षिण मराठा प्रदेश’ म्हणत. मिशननेही तेच नाव वापरले.

येशूचा शिष्य होणे म्हणजे रोजच्या जगण्यात नेमके काय, हा प्रश्न इथे फार लवकर उभा राहिला. आपल्या गोव्यात पोर्तुगीज अमलात गावेच्या गावे ख्रिस्ती झाली, पण गावकारीतला वाटा राहिला, शेत राहिले आणि जातही राहिली. बासेल मिशनची गोष्ट वेगळी. जात सोडलीच पाहिजे, असा तिचा आग्रह होता. बाप्तिस्मा घेणारा बहुधा एकटाच किंवा एखादे कुटुंब असे. भाऊबंद तोडत, घर सुटे, आणि जातीबरोबर जातीचा धंदाही जाई. वारसाहक्काला कायद्याचे संरक्षण मिळाले ते १८५० मध्ये. पण कायद्याने चूल पेटत नाही!

म्हणून मिशनने हाताला काम दिले. मंगळूरला विणकामाचे कारखाने उभे राहिले. तिथल्या हॉलर या मिशनरीला खाकी रंगाच्या कापडाचे श्रेय दिले जाते. १८६५ मध्ये प्लेब्स्ट याने जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला. श्रम ही सुद्धा उपासनाच, अशी या मंडळींची धारणा होती. कारखान्यात दिवस प्रार्थनेने सुरू होई. वेळेवर येणे, दारूला न शिवणे, कोणाही शेजारी बसून काम करणे, हीच शिष्याची ओळख. फर्डिनांड किटेल १८५३ मध्ये इकडे आला. त्याने शब्दाशब्दाने रचलेला कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये बाहेर पडला. चाळीस वर्षांची ही चिकाटी त्याच घडणीतली म्हणायला हवी.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नोकरी देणारी आणि धर्म शिकवणारी संस्था एकच असली की माणूस मिंधा होतो. श्रद्धा किती आणि पगाराची गरज किती, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

मराठीत हा प्रश्न ज्याने जिवाला लावून घेतला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांनी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. पण मिशनच्या पैशावर जगणारा भारतीय ख्रिस्ती त्यांना सलत राहिला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. पुढे दोनच वर्षांनी ते गेले. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० सालचा. सोवळेओवळे त्यांच्या मनातून एका दिवसात गेले नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे, कोणाच्या हातचे खायचे, अशा साध्या गोष्टींतून ते हळूहळू सुटले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना शिष्यत्व देवळात नव्हे तर स्वयंपाकघरात घडताना दिसते.

इकडे पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांना नजरकैदेत टाकले आणि कारखाने ताब्यात घेतले. मालक आणि गुरू दोघेही एकदमच गेले. तरीही मंडळ्या मोडल्या नाहीत. धारवाड-हुबळीकडची ती परंपरा आज चर्च ऑफ साउथ इंडियात आहे. टिळकांच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर या साध्या माणसांनी दिले, असे मला वाटते. पगार देणारा गेल्यावरही जे टिकले, तेवढे त्यांचे स्वतःचे होते.

आपल्याकडची जुनी घरे आता एकेक करून उतरवली जात आहेत. कौले काढाल तेव्हा एखादे उलटे करून पाहा. पाठीवर बासेल मिशनचा ठसा दिसला, तर ते लगेच कचऱ्यात टाकू नका. ज्यांनी ते थापले, त्यांतल्या कितीतरी जणांनी त्याआधी स्वतःचे छप्पर गमावले होते.