फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याची परीक्षा

डॉक्टर रुग्णाला तपासतात. पण डॉक्टरांच्या दवाखान्याला कोण तपासते? मोठ्या रुग्णालयांचे परवाने आणि तेथील अग्निसुरक्षा यांविषयी अधूनमधून चर्चा होते. मात्र बहुतेकांची पहिली धाव ज्या फॅमिली डॉक्टरांकडे असते, त्यांच्या दवाखान्याकडे नियामकांचे लक्ष सहसा जात नाही. इंग्लंडमध्ये अशा दवाखान्यांची गुणवत्ता आणि सुरक्षितता बाहेरची यंत्रणा तपासते व निकाल जाहीर करते. या पद्धतीचा आणि तिच्या मर्यादांचा हा आढावा.

विश्वास पुरेसा नसतो

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत नागरिक आपल्या परिसरातील जनरल प्रॅक्टिशनरच्या, म्हणजेच 'जीपी'च्या दवाखान्यात नाव नोंदवतात. तातडीचा प्रसंग सोडला, तर तज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्याची वाट बहुधा तेथूनच जाते. साहजिकच या डॉक्टरांवर लोकांचा मोठा विश्वास असतो.

त्या विश्वासाला सर्वांत मोठा तडा गेला तो हॅरल्ड शिपमन प्रकरणामुळे. मँचेस्टरजवळील हाइड येथे एकट्याने दवाखाना चालविणारा हा डॉक्टर रुग्णांमध्ये लोकप्रिय होता. पंधरा रुग्णांच्या हत्येबद्दल जानेवारी २००० मध्ये तो दोषी ठरला. त्याने किमान २१५ रुग्णांचे बळी घेतले, असा निष्कर्ष न्यायमूर्ती जेनेट स्मिथ यांच्या चौकशीने २००२ मध्ये काढला. रुग्णांचे प्रेम हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे, हे त्यातून कळून चुकले. पुढे अफूजन्य औषधांच्या साठ्याचे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०१२ पासून डॉक्टरांची पात्रता ठरावीक काळाने नव्याने पडताळण्यास सुरुवात झाली.

दरम्यान, २००८ च्या कायद्यान्वये 'केअर क्वालिटी कमिशन' हा आयोग स्थापन झाला आणि एप्रिल २००९ पासून काम करू लागला. जीपींचे दवाखाने एप्रिल २०१३ मध्ये त्याच्या कक्षेत आले. आयोगाचे अधिकारक्षेत्र इंग्लंडपुरतेच आहे.

पाच प्रश्न, चार श्रेणी

आयोग प्रत्येक दवाखान्याबाबत पाच प्रश्न विचारतो. सेवा सुरक्षित आहे का? परिणामकारक आहे का? रुग्णांना आपुलकीची वागणूक मिळते का? त्यांच्या गरजांची दखल घेतली जाते का? आणि कारभार नीट चालतो का? उत्तरांनुसार 'उत्कृष्ट', 'चांगला', 'सुधारणा आवश्यक' किंवा 'असमाधानकारक' अशी श्रेणी मिळते. एप्रिल २०१५ पासून ही श्रेणी दवाखान्यात दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे.

तपासणीस येणाऱ्या पथकात आयोगाच्या निरीक्षकाबरोबर सामान्यतः एक जीपी सल्लागारही असतो. पथकाची नजर साध्यासुध्या गोष्टींवर असते. लशींच्या फ्रीजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस राहते का आणि त्याची रोज नोंद होते का? आणीबाणीची औषधे मुदतीत आहेत का? ऑक्सिजन आहे का? कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासूनच त्यांना नेमले आहे का? प्रिस्क्रिप्शनचे कोरे कागद कुलूपबंद असतात का?

त्याहून महत्त्वाची असते रुग्णांच्या नोंदींची छाननी. सांधेदुखीवर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट किंवा मानसिक विकारावरील लिथियम घेणाऱ्यांच्या रक्ताची नियमित तपासणी करावी लागते; अन्यथा औषधच अपाय करू शकते. अशी तपासणी न होताच औषध चालू असलेले रुग्ण संगणकीय नोंदींतून शोधले जातात. रक्ताचे अहवाल मधुमेहाकडे बोट दाखवीत असूनही निदानाची नोंद न झालेले रुग्णही त्यातून सापडतात. चूक घडल्यावर ती लपवली गेली की तिच्यावर चर्चा होऊन पद्धत बदलली गेली, हेही पाहिले जाते.

पहिल्या फेरीत, २०१४ ते २०१७ या काळात, इंग्लंडमधील सर्व जीपी दवाखाने तपासण्यात आले. त्यांतील बहुसंख्य 'चांगला' या श्रेणीत बसले. 'असमाधानकारक' ठरलेल्या दवाखान्याला सुधारणेसाठी मुदत मिळते. सुधारणा न झाल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. तसे झाल्यास तेथील रुग्णांना दुसरा दवाखाना शोधावा लागतो, त्यामुळे हा निर्णय सोपा नसतो.

परीक्षकाचीही परीक्षा

ही यंत्रणा निर्दोष नाही. जोखमीनुसार दवाखान्यांची जी वर्गवारी आयोगाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात चुका निघाल्या आणि आयोगाला माफी मागावी लागली. तपासणीच्या कागदपत्रांत रुग्णांचा वेळ खर्ची पडतो, अशी डॉक्टरांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे.

या दवाखान्यांत भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांचा वाटा मोठा आहे. त्यांतील अनेकांनी औद्योगिक व गरीब वस्त्यांत, पुष्कळदा एकट्याने सेवा दिली. वांशिक अल्पसंख्य डॉक्टरांच्या दवाखान्यांना तपासणीत कोणत्या अडचणी येतात, याचा अभ्यास आयोगाने स्वतःच करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. गरीब वस्ती, अपुरे मनुष्यबळ आणि एकट्याचा कारभार यांमुळे चांगले काम असूनही ते कागदावर सिद्ध करणे त्यांना कठीण जाते, हा मुद्दा त्यातून पुढे आला.

सर्वांत परखड टीका २०२४ मध्ये झाली. सरकारने नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालानुसार, आयोगाच्या कक्षेतील सुमारे एक पंचमांश ठिकाणांना कधीही श्रेणी मिळालेली नव्हती. काही निरीक्षकांना, ते ज्या क्षेत्राची तपासणी करीत होते त्याचाच अनुभव नव्हता. आयोग आपले काम करण्यास समर्थ नाही, असे आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी जाहीरपणे सांगितले. भिंतीवरची श्रेणी जुनी असेल, तर ती दवाखान्याची आजची स्थिती सांगत नाही आणि रुग्णाला खोटा दिलासा मात्र देते.

आपल्यासाठी बोध

महाराष्ट्रात रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. केवळ बाह्यरुग्ण तपासणारे दवाखाने त्याच्या कक्षेत येत नाहीत. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा राज्याने स्वीकारलेला नाही. डॉक्टरांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे नियमही दवाखान्यांना लागू आहेत. परंतु दवाखान्यातील उपचारांची गुणवत्ता नियमितपणे तपासून निकाल जाहीर करणारी व्यवस्था आपल्याकडे नाही.

ती येईपर्यंत रुग्णाला निदान काही गोष्टी पाहता येतात. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दर्शनी लावला आहे का? इंजेक्शनची सुई समोर फोडली जाते का? लस फ्रीजमधून काढली जाते का आणि त्या फ्रीजला तापमापक आहे का? दीर्घकाळ चालणाऱ्या औषधासाठी कोणत्या तपासण्या किती दिवसांनी कराव्यात, हे लिहून मिळते का? असे विचारण्यात डॉक्टरांवर अविश्वास दाखविण्याचा हेतू नसतो. ज्या दवाखान्यात त्यांची उत्तरे सहजपणे मिळतात, तेथे रुग्णाने ठेवलेल्या विश्वासाला आधारही मिळतो.