शिकविण्यासाठी शिकलेले गवई

इ. स. १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील काही निवडक गवई शिकावयास म्हणून मुंबईस गेले. गायनाच्या जगात ग्वाल्हेरचे स्थान काय आहे हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या घटनेतील विलक्षणपणा निराळा सांगावयास नको. राजा मानसिंह तोमराच्या आश्रयाने धृपदास वैभव आले ते येथे. तानसेनाची समाधी येथे. हद्दूखाँ, हस्सूखाँ व नथ्थूखाँ यांनी ख्यालास आपले रूप दिले तेही येथेच. महाराष्ट्रात ख्यालाचे बीज रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे ग्वाल्हेर परंपरेतील वासुदेवबुवा जोशी यांचेच शिष्य. अर्थात मुंबईकराने ग्वाल्हेरची तालीम घ्यावी हा शिरस्ता होता. ग्वाल्हेरच्या गवयांनीच मुंबईची वाट धरावी, आणि तीही एका वकिलाच्या घरी शिकावयास, ही गंगा उलटी वाहू लागण्यासारखी गोष्ट होती.

ते वकील म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, मुंबईत वाळकेश्वरास. १८८७ साली एल्‌एल्. बी.; त्यानंतर काही काळ कराचीस वकिली. पत्नी व एकुलती मुलगी यांच्या निधनानंतर संसाराचा पाश उरला नाही, आणि हा गृहस्थ संगीताच्या शोधार्थ हिंदुस्थानभर हिंडला. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिचे सूत्रधार तेच. ग्वाल्हेरचे माधवराव महाराज शिंदे यांना आपल्या राज्यात संगीताचे पद्धतशीर विद्यालय असावे असे वाटू लागले, तेव्हा त्यांनी भातखंड्यांसच विचारले.

येथे भातखंड्यांपुढे दोन मार्ग होते, असे मला वाटते. आपले तयार शिष्य ग्वाल्हेरास धाडून पहिल्या दिवसापासून नवा अभ्यासक्रम सुरू करता आला असता. तो मार्ग सोपा होता. परंतु ज्या नगरात गाणे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहे, तेथे बाहेरून आणलेला शिक्षक कितीही शास्त्रशुद्ध असला तरी परकाच ठरतो. म्हणून शिक्षक ग्वाल्हेरचेच, मात्र विद्यालय उघडण्यापूर्वी त्यांनी नवी पद्धती आत्मसात केलेली, असा क्रम ठरला. गवई काही महिने मुंबईस राहिले, आणि जानेवारी १९१८ मध्ये लष्कर-ग्वाल्हेरास माधव संगीत महाविद्यालय उघडले.

त्यांनी मुंबईस नेमके काय शिकावयाचे होते? गाणे तर त्यांस येतच होते. शिकावयाचे होते ते आपल्या गळ्यातील विद्येचे नियम सांगणे. राग ओळखता येणे निराळे, आणि त्याचे आरोह-अवरोह, वादी-संवादी, वर्ज्य स्वर व गानसमय विद्यार्थ्यास शब्दांत समजावून देणे निराळे. भातखंड्यांनी राग दहा थाटांत बसविले होते, बिलावल हे शुद्ध सप्तक ठरविले होते, आणि चीज कागदावर उतरविण्याची लिपी सिद्ध केली होती. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली बिंदू, तार सप्तकास वर बिंदू. एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली चंद्रकोर. समेस फुली आणि खालीस शून्य. आज शाळकरी मुलास हे सहज वाटते. पण ज्याने बंदिश गुरूच्या तोंडून शेकडो वेळा ऐकून पाठ केली, त्यास तीच बंदिश मात्रांच्या घरांत तोडून मांडावयास लावणे म्हणजे चालणाऱ्या माणसास पावले मोजावयास लावण्यासारखे आहे. चाल काही काळ अडखळणारच.

या कामी भातखंड्यांनी योजलेले एक साधन मला फार मार्मिक वाटते. ते म्हणजे लक्षणगीत. रागाचे नियम त्याच रागात, तालात बसविलेल्या गीताच्या शब्दांतून सांगावयाचे. अशी अनेक गीते त्यांनी ‘चतुर’ या नावाने स्वतः रचली. व्याख्या घोकण्याचा ज्यास कंटाळा, त्या गवयासही गाता गाता शास्त्र पाठ व्हावे अशी ही सोय होती. आपल्या देवळांतून मुलांना कथा आणि आचार भजनांच्या द्वारा शिकविले जातात, त्याच जातीची ही युक्ती.

भातखंड्यांच्या पद्धतीत त्यांची वकिली दिसते, असे म्हणावयास मला व्यवसायबंधू म्हणून मोह होतो. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चारही मराठी भाग प्रश्नोत्तररूप आहेत, शंका काढावयाची, पुरावा मागावयाचा, मगच निर्णय द्यावयाचा. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रंथ व प्रचार यांत विरोध आला तर त्यांनी बहुधा प्रचाराचा, म्हणजे ‘लक्ष्या’चा, पक्ष घेतला. १९१० च्या सुमाराच्या त्यांच्या संस्कृत ग्रंथाचे नावच ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ आहे. हिंदू कायद्यात सिद्ध झालेली रूढी लिखित वचनाहून बलवत्तर, असे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ साली मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यात म्हटले, ते आम्ही कायद्याच्या वर्गात पाठ केले होते. भातखंड्यांनी संगीतात हेच तत्त्व लावले. त्यामुळे ग्वाल्हेरचे गवई मुंबईस केवळ विद्यार्थी नव्हते. प्रचाराचे ते साक्षीदारही होते. नियम कोणाच्या गाण्यावरून काढले, हे त्यांस दिसत होते.

तथापि रूढी संहितेत बांधली की तिचे काही कोपरे घासले जातातच. आसावरीत ऋषभ शुद्ध की कोमल, याविषयी गायकांत मतभेद. पण अभ्यासक्रमात थाट मांडताना एक ऋषभ निवडावा लागतो, आणि थाटात शुद्ध ऋषभ आला. दरबारीतील आंदोलित गांधार कागदावर आडव्या रेघेने केवळ ‘कोमल’ एवढाच दिसतो. तो किती उतरवावा, किती झुलवावा, हे लिपी सांगत नाही. परीक्षेसाठी ठराविक वर्षांत ठराविक राग संपवावयाचे, तर एकाच रागावर वर्षभर तालीम देणाऱ्या गुरूचा धीर कोठून आणावयाचा? हे आक्षेप तेव्हाही होते आणि ते पोकळ नव्हते. त्याच नगरात शंकरराव पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी १९१४ सालीच शंकर गांधर्व विद्यालय काढले होते, आणि त्या घराण्यात समोरासमोरच्या तालमीचे माहात्म्य मोठे होते. माझ्या मते ग्वाल्हेरास दोन्ही विद्यालये लाभली हे त्या नगराचे भाग्य होय.

नव्या पद्धतीच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की तिने विद्येची किल्ली उस्तादाच्या मर्जीतून काढली. ज्याचा बाप गवई नव्हता आणि ज्यास गुरुगृही दहा-दहा वर्षे सेवा करणे शक्य नव्हते, त्यासही गाणे शिकण्याचा दरवाजा उघडला. शिवाय शिक्षकांस एकदा शिकवून भातखंड्यांनी हात झाडले नाहीत. तपासणीसाठी आणि परीक्षांसाठी ते वेळोवेळी ग्वाल्हेरास जात राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकास वर्षाकाठी किमान ५० तास प्रशिक्षण असावे असे म्हटले आहे. तास मोजता येतात. पण शिकविणारा पुनःपुन्हा येऊन वर्गात बसतो की नाही, हे तासांच्या हिशेबात दिसत नाही.

याच धर्तीवर १९२६ साली लखनौस मॅरिस कॉलेज निघाले. तेथे श्रीकृष्ण रातंजनकरांच्या हाताखाली चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी हे कोकणी घरांतील विद्यार्थी तयार झाले आणि पुढे मुंबईस शिक्षक म्हणून नावाजले. ती हकीकत स्वतंत्र लेखाची आहे.

मुंबईस गेलेल्या त्या गवयांपैकी राजाभय्या पूछवाले यांचे नाव सर्वांत गाजले. मूळचे आष्टेवाले, जन्म १८८२ चा. शंकरराव पंडितांची तालीम त्यांस लाभली होती, म्हणजे अस्सल ग्वाल्हेरचा गळा. ते माधव संगीत महाविद्यालयात शिक्षक झाले, पुढे प्राचार्य झाले, आणि १९५६ साली, म्हणजे निधनाच्याच वर्षी, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांच्या नावे झाला. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत बंदिशी होत्या; तानांची तालीम मात्र गुरूच्या गळ्यातच राहिली होती. मुंबईस शिकलेली तीच लिपी हाती घेऊन राजाभय्यांनी रागवार ताना लिहिल्या आणि ‘तानमालिका’ या नावाने विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या.