मुसीचा पूर आणि एकोणीस वर्षांचे काम

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबादेत हजारो माणसे दगावली. अफझलगंजच्या दवाखान्यातील चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगतात. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातले ते झाड आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

निझाम मीर महबूब अली खान यांनी १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेले आणि खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवणारे हे अभियंते मराठी माणसाला परके नव्हते. पुराचे पाणी शहरात येण्यापूर्वी वरच्या अंगालाच अडवावे, हा त्यांच्या योजनेचा गाभा. त्याला जोड बंदिस्त गटारांची आणि नदीकाठच्या बागांची.

१९११ मध्ये निझाम निवर्तले, पण योजना बासनात गेली नाही. उस्मान अली खान यांच्या काळात १९१२ मध्ये शहर सुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. १९२० मध्ये मुसीवर उस्मानसागर, तर १९२७ मध्ये ईसीवर हिमायतसागर पूर्ण झाला. पूर ओसरल्यावरही एकोणीस वर्षे काम चालू राहिले, हेच त्या पुनर्बांधणीचे मर्म.

ऑक्टोबर २०२० च्या पावसात हिमायतसागरचे दरवाजे उघडावे लागले; तलाव-नाल्यांच्या जागी वसलेल्या वस्त्याही पाण्याखाली गेल्या. तारनाका मुसीच्या काठावर नाही. तरी मुलांसाठी घर घेताना तिथे पूर्वी पाणी कुठून वाहत होते, एवढे आपण नक्की विचारावे.