मान कोणी खाली घालावी?

ट्रॉम्ब्याच्या रस्त्याला सिनेमाची भडक पोस्टरे लागत, तेव्हा आमच्या शाळेच्या मुली मान खाली घालून जात. त्यांनी का घालावी, हे मला मास्तर असूनही सुचले नाही.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांना ते १८८२ सालीच सुचले होते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली (पुढे ती सौम्य झाली), आणि 'पुणेवैभव'सारखी पत्रे साऱ्या स्त्रीजातीवर तुटून पडली. ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून जाब विचारला : हे दोष पुरुषांत नाहीत काय? त्यांच्यावर एवढी टीका झाली की, जोतीराव फुल्यांना 'सत्सारा'त त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही.

त्या एकट्या होत्या. शंभर वर्षांनी मुंबई-दिल्लीच्या तरुणी जथ्याने निघाल्या, बीभत्स फलकांना काळे फासू लागल्या. १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्ध कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद. पण कायदा पाहतो मुख्यतः बाईचे अंग. कपटी, चंचल, नवऱ्याची लाथ पुण्य मानणारी बाई त्याच्या हाती लागत नाही, आणि ताराबाईंचे भांडण तर तिच्यावरूनच होते.

स्नेहसंमेलनात मुलीला सासूचे काम दिले की ती न सांगता डोळे वटारते. तिला हे कोणी शिकवले?